आधी खिमा नीट परत

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर कॉटेज पाय, म्हणजे खिम्यावर कुटलेला बटाटा लावून ओव्हनमध्ये भाजतात तो, कसा करायचा ते विचारलंस आणि तेवढ्यात मागे पोरांचा दंगा सुरू झाला, म्हणून लिहूनच पाठवतोय. आई म्हणते, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत भागलं असतं. दोन ओळींत शिकलेल्यांच्या हातचा पाय मी बऱ्याच जहाजांवर खाल्ला आहे. खाली पाणी, वर चिकटा, आणि त्यावर चीज पसरून लाज झाकलेली. तसला करायचा असेल तर दुकानातून तयार आण.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर आहे. इंग्रजांकडे हा पदार्थ शिळ्यापाक्याचा. रविवारी बीफचा रोस्ट व्हायचा आणि उरलेलं मांस सोमवारी बारीक करून बटाट्याखाली जायचं. आमच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातही तेच चाले. ऑफिसरांच्या मेसमधला रोस्ट परत आला की टेबलाच्या कडेला आवळलेलं हाताचं यंत्र फिरवायचं काम नव्या पोराकडे, म्हणजे पहिली काही वर्षं माझ्याकडे असे. त्या मांसाला आधीच ओव्हनची लाली आलेली असायची, चव तयार असायची. आपण नुसता कांदा आणि रस्सा घालायचा. आता सगळे कच्चा खिमा आणतात आणि कृती मात्र तीच चालवतात. मग चव येणार कुठून? रोस्टने जे काम केलं असतं ते तुला कढईत करावं लागेल. ओव्हनवर विसंबू नकोस, तो शेवटचा अर्धा तास फक्त वरचा रंग देतो.

तुम्हा चौघांना अर्धा किलो बीफचा खिमा पुरे. तिकडे पाकिटावर चरबीचं प्रमाण छापलेलं असतं. पाच टक्केवाला कोरडा पडतो आणि वीसवाल्याचं तेल वर तरंगतं. मधला बारा टक्क्यांचा घे. आणि खिमा धुऊ नकोस. आपल्याकडे मटण चार पाण्यांतून काढल्याशिवाय आईला चैन पडत नाही हे मला माहीत आहे, पण खिमा धुतला की तो पाणी धरून बसतो. शिवाय सिंकभर उडणारं ते पाणी पोरांच्या प्लेटांवर पडतं, ते वेगळंच.

रुंद आणि जड बुडाचं भांडं घे, चांगलं तापव, चमचाभर तेल घाल. खिमा दोन वेळा अर्धा-अर्धा टाक. टाकलास की दाबून पसरव आणि हात मागे घे. तीन-चार मिनिटं ढवळायचं नाही. पहिल्यांदा तडतड ऐकू येईल. मग पाणी सुटेल, आवाज मऊ होईल आणि खिमा राखाडी दिसायला लागेल. नवखा माणूस इथेच झाला समजून पुढे जातो. भांड्यात पाणी आहे तोवर मांस उकळतंय, भाजलं जात नाही. थांब. पाणी आटलं की आवाज पुन्हा बदलतो, चरबी चुरचुरायला लागते. कडेचा एक तुकडा उलथून बघ. खालून कॉफीच्या रंगाचा झाला असेल तरच हलव. भांड्याच्या बुडाला तपकिरी थर धरेल, त्याला भिऊ नकोस आणि घासायलाही जाऊ नकोस, पुढे तोच रश्श्यात उतरतो. काळा पडायला लागला तर मात्र आच कमी कर.

खिमा काढून ठेव. त्याच भांड्यात दोन कांदे बारीक चिरून आणि एक मोठं गाजर किसून नव्हे, बारीक तुकडे करून टाक. सेलरी मिळाली तर एक दांडी. पोरांना कळणारही नाही. कांदा मऊ पडायला दहा मिनिटं लागतात, लागू देत. मग दोन-तीन पाकळ्या लसूण, एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी, आणि ती प्युरी लाल सोडून विटकरी होईपर्यंत परतायची. वर चमचाभर मैदा, एक मिनिट हलवून खिमा परत भांड्यात. तीनशे मिली बीफ स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी, थोडा थोडा घाल, क्यूबचा चालेल, पण क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं तेव्हा तुझं मीठ शेवटी. तिकडचं बे लीफ एक, थाइम चिमूटभर, आणि वूस्टर सॉस एक मोठा चमचा. हा सॉस वूस्टर गावात १८३७पासून विकला जातो. त्यात चिंच आणि अँकोव्ही मासळी असते, म्हणून आपल्या जिभेला तो परका वाटत नाही.

आता मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. रस्सा किती ठेवायचा, तर डाव बुडावरून ओढलास की रेघ क्षणभर दिसली पाहिजे आणि मग सावकाश भरली पाहिजे. लगेच भरली तर अजून आटव. तुला पुन्हा सांगतो, पाय बिघडतो तो ओलाव्याने.

इथे आपल्याकडे करायचा झाला तर हिशेब थोडा वेगळा. महाराष्ट्रात गाईचं आधीपासूनच बंद होतं, २०१५पासून बैलाचंही बंद झालं, म्हणून वसईत मिळतं ते म्हशीचं. त्यात चरबी कमी आणि धागा जाड, तेव्हा मी तेल जास्त घालतो आणि शिजायला तासभर देतो. तिकडच्या खिम्याला तेवढा वेळ दिलास तर बिघडत नाही, पण गरज नाही.

बटाटा कुठला घेतोस याला महत्त्व आहे. मारिस पायपर किंवा किंग एडवर्ड, म्हणजे शिजल्यावर भुसभुशीत होणारे. सॅलडचे मेणचट बटाटे घेतलेस तर कितीही कुटलेस तरी गुठळ्या राहतील. एक किलो सोलून सारख्या आकाराचे तुकडे कर आणि थंड पाण्यात मीठ घालून चढव. उकळत्या पाण्यात टाकले की बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. सुरी सहज जायला लागली की गाळ, आणि पुढचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो: गाळलेले बटाटे त्याच गरम भांड्यात परत टाक, आच अगदी बारीक, दोन मिनिटं भांडं हलवत राहा. वाफ निघून जाते, कडा पांढऱ्या आणि पिठाळ दिसायला लागतात. मग मॅशरने कुट, पन्नास ग्रॅम लोणी, आणि गरम दूध बेताचं, पाव कप. मिक्सरला लावशील तर मी फोन उचलणार नाही. पात्याने बटाट्यातलं स्टार्च मोकळं होतं आणि तो लांबी होऊन बसतो.

खिमा ओव्हनच्या भांड्यात पसरून दहा-पंधरा मिनिटं निवू दे. कढत रश्श्यावर बटाटा घातला की तो खाली बुडतो. कडेपासून मध्याकडे चमच्याचमच्याने लाव, कडा बंद कर, मग काट्याने रेघा ओढ. त्या रेघांच्या कंगोऱ्यांवरच खमंगपणा येतो, म्हणून हे काम तुझ्या थोरल्याला दे, त्याला आवडेल आणि धाकटी गाजराबद्दल प्रश्न विचारेनाशी होईल. चीज घालायचंच तर चेडर, मूठभर. ओव्हन दोनशे अंशांवर, पंख्याचा असेल तर एकशे ऐंशी. पंचवीस-तीस मिनिटांत कडेने रस्सा बुडबुडायला लागेल आणि वर डाग पडतील. बाहेर काढून दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर ताटात सगळं पसरतं. सोबत वाटाणे उकडून. तिकडे फ्रोजन चांगले मिळतात.

मसाल्याचं तू विचारणार हे मला माहीत होतं. पहिल्यांदा घालू नकोस. आईने दिलेला आपला वसईचा तिखट बाटलीचा मसाला कपाटातच राहू दे. तो तिच्या बटाट्याच्या चॉपसाठी आहे. तिच्या मते कॉटेज पाय म्हणजे रवा लावायचा आणि तळायचा कंटाळा केलेला एक मोठा आडवा चॉप, आणि खरं सांगायचं तर आत खिमा, बाहेर बटाटा, फरक तेवढाच. पण चॉपमधला खिमा तिखट आणि कोरडा लागतो, व्हिनेगरचा असतो. इथे कांदा आणि भाजलेलं मांस यांचीच चव हवी. गरम मसाला टाकलास की तीच पहिली मरते. तुला जीभ चाळवत असेल तर तुझ्या ताटात हिरवी मिरची घे.

सूनबाईची ड्युटी रात्री साडेआठला सुटते म्हणालास. मग असं कर. तू पाचला लागलास की पोरांचं साडेसातच्या आत सहज होतं. भरतानाच तिचा वाटा लहान भांड्यात वेगळा काढ, निवला की फ्रिजमध्ये ठेव, आणि तिचा निघाल्याचा मेसेज आला की ओव्हनमध्ये टाक. मधोमध सुरी खुपसून पातं ओठाला लावून बघ, चांगलं गरम लागलं पाहिजे. पोरांच्या भांड्यातला उरलेला कोपरा खरवडून तिला मायक्रोवेव्हमध्ये तापवून देऊ नकोस. बारा तास उभी राहून आलेल्या बाईला तिच्यासाठी भरलेलं, वरून खरपूस, कुणी न उकरलेलं ताट मिळू दे. जहाजावर वॉचवरून, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवरून, उशिरा येणाऱ्याचा वाटा आम्ही असाच अलग ठेवत असू. ते ठेवलं नाही म्हणून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि ती समुद्रावर मिटवणं फार अवघड.

खालच्या मजल्यावरच्या त्या पुण्याच्या जोडप्याला बोलावणार असशील तर बीफ असल्याचं बोलावतानाच सांग, टेबलावर बसल्यावर नको. बहुतेक तू तेव्हा बीफ करणारच नाहीस. कोकरूचा खिमा घेतलास की तोच शेफर्ड्स पाय, त्याला रोझमेरी जास्त चांगली. ते शाकाहारी असतील तर अख्खा मसूर शिजवून घे, कांदा-गाजर तसंच, स्टॉक भाजीचा, आणि लक्षात ठेव, वूस्टर सॉसमध्ये मासळी आहे. आमच्या क्रूमध्ये रत्नागिरीचे मुसलमान, मालवणकडचे हिंदू, गोव्याचे आणि आपले वसईचे असे सगळे होते. बीफचा ट्रे वेगळा, डाव वेगळा, कापायचा फळा वेगळा, आणि हलाल नसेल ते मुसलमानांच्या ताटात चुकूनही जाता कामा नये. गॅलीत कुणी यावर व्याख्यान दिलं नाही. फळ्यांना रंग लावलेले होते, तेवढं पुरत असे.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपव. एकदाच करताना दोन भांडी भरून एक न भाजता फ्रीझरला टाकलंस तर फारच उत्तम, पण खिमा आधी गोठवलेला आणलास तरी शिजवून पुन्हा गोठवायला हरकत नाही, कच्चाच पुन्हा गोठवू नकोस. खायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेव. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार तेवढा बघून घे, त्या दिवशी मांस नको, नाहीतर आईचा फोन येईल आणि मग तो माझ्या अंगावर शेकेल.

तुझा,
बाबा

ता. क. भांडं उथळ आणि रुंद हवं, वीतभर खोल नको. तुमच्याकडे ते निळं लग्नात आलेलं आहे ना, लसान्याचं, तेच. आणि त्याच्याखाली ट्रे ठेव, रस्सा ओव्हनच्या तळाला सांडला तर पुढचे दोन आठवडे केकलाही खिम्याचा वास येतो.