जुने दुवे जिवंत ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आमच्या संकेतस्थळाच्या पत्त्यांची सगळी रचना बदलली, तरी जुना दुवा घेऊन येणारा वाचक आजही नेमका त्याच लेखावर पोहोचतो. हे तुमच्यामुळे झालं. दोन शब्दांत आभार मानून मन भरेना, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

पूर्वी आमच्या पत्त्यात वर्ष, महिना, तारीख आणि मग लेखाचं मराठी शीर्षक असायचं. नव्या रचनेत तारीख गेली आणि शीर्षकाच्या जागी रोमन लिपीतलं छोटं नाव आलं. नुसती तारीख काढायची असती, तर जुना पत्ता नव्याकडे वळवणाऱ्या एका नियमात काम भागलं असतं. अडचण मराठी शीर्षकांची आहे, हे तुम्ही पहिल्याच बोलण्यात ओळखलंत. यूटीएफ-८ या, संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं आणि पत्त्यात लिहिताना दर बाइटाला टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं, अशी त्याची ९ अक्षरं होतात. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. आमचं संकेतस्थळ ज्यावर चालतं ते वर्डप्रेस पत्त्यातला शीर्षकाचा हा भाग २०० अक्षरांवर कापतं, म्हणजे बावीसेक चिन्हांतच मराठी शीर्षक संपतं. आमचे कित्येक पत्ते असे अर्धवट तुटलेले होते. शीर्षकावरून जुना पत्ता बांधण्याच्या फंदात न पडता तुम्ही थेट डेटाबेसमधून लेखाचा क्रमांक, जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी यादी काढायला लावलीत.

सगळे जुने दुवे सरसकट मुखपृष्ठावर वळवा, असा सल्ला आम्हाला आधी मिळाला होता. तुम्ही त्याला ठाम विरोध केलात. एक विशिष्ट लेख शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठावर सोडणं म्हणजे त्याला परत पाठवणंच, असं तुमचं म्हणणं. ते मला पूर्ण पटलं. गूगलही असं वळवलेलं पान बहुधा ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे न सापडलेलंच, धरतं. काढून टाकलेल्या लेखांसाठीही तुम्ही नियम घालून दिलात: त्याच विषयावरचा दुसरा लेख असेल तर तिकडे वळवा, नसेल तर सरळ ४१०, म्हणजे ‘हे पान कायमचं काढलं आहे’ असा संकेत, द्या.

सर्वांत मोलाची मदत झाली ती चाचणीच्या वेळी. इंग्रजी पत्ते नीट वळत होते, मराठी एकही वळत नव्हता. डेटाबेसमधून आलेल्या यादीत मराठी पत्ते टक्क्याच्या चिन्हांत होते, आणि अपाचे, म्हणजे आमच्या सर्व्हरवरची पानं पुरवणारी प्रणाली, मात्र आलेला पत्ता आधी उलगडून साध्या अक्षरांत आणते, मग नियमाशी ताडून पाहते. दोन्ही रूपं जुळणार कशी? यादीची डावी बाजू साध्या देवनागरीत करून घ्या, असं तुम्ही सांगितलंत आणि पत्ते वळू लागले. विभागांची नावं नव्या रचनेतही मराठीच ठेवली होती. तिथे दुसरीच गंमत. वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवताना त्यातल्या प्रत्येक टक्क्याच्या चिन्हापुढे २५ चिकटायचं आणि पान सापडायचं नाही. अपाचे आधीच रूपांतरित झालेला पत्ता पुन्हा रूपांतरित करत होतं. नियमाला ‘एनई’ फ्लॅग, म्हणजे ‘पुन्हा रूपांतर करू नको’ ही खूण, जोडताच तेही थांबलं. ही माहिती मराठीत लिहिलेली मला कुठे आढळली नव्हती, म्हणून मुद्दाम इथे नोंदवत आहे.

चाचणी संपेपर्यंत ३०२, म्हणजे तात्पुरतं वळण, आणि खात्री पटल्यावरच ३०१, म्हणजे कायमचं, हा तुमचा आग्रहही योग्य होता. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीचा नियम एकदा वाचकाच्या ब्राउझरमध्ये बसला, की सर्व्हरवर दुरुस्ती करूनही तो बराच काळ जुन्याच वाटेने जात राहतो. शीर्षकाऐवजी नुसता लेखाचा क्रमांक असलेल्या सर्वांत जुन्या पत्त्यांनाही तुम्ही दोन-तीन टप्पे घ्यायला न लावता एका उडीत नव्या पानावर आणलंत.

हे वळण किमान वर्षभर ठेवावं, असं गूगल सांगतं. तुम्ही म्हणालात, काढूच नका. कुणाच्या प्रबंधात किंवा पीडीएफमध्ये छापलेला दुवा कधी बदलत नसतो. आम्ही तसंच ठरवलं आहे. यादीची प्रत संकेतस्थळाच्या कोडसोबत ठेवली आहे आणि ४०४ च्या, म्हणजे न सापडलेल्या पानांच्या, नोंदींत एखादा राहून गेलेला जुना पत्ता दिसला, की तो तिच्यात भरला जातो.

यातलं कुठलंच काम तुमच्या वाट्याचं नव्हतं, तरी तुम्ही ते आपलं मानून केलंत. मनापासून आभार, ताई.

तुमचा ऋणी,
संकेतस्थळाचा एक संपादक