चांगल्या साहेबांविषयी

चि. अनुजा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नवे साहेब स्वतः उठून सर्वांना कॉफी देतात, हे ऐकून आनंद झाला. कामाविषयी घरीही बोलायचे नाही, अशा कागदावर तू सही केली आहेस, हेही आईने सांगितले. त्याबद्दल काही विचारायचे नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तुला 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला हँक स्कॉर्पिओ आठवत असेलच. १९९६ सालच्या त्या भागात मालिकेचा नायक होमर याला नव्या गावी नोकरी, आयते घर आणि देवमाणूस वाटावा असा साहेब मिळतो. तो साहेब जगाला वेठीस धरणारा खलनायक आहे, हे होमरच्या गावीही नसते; निसटू पाहणाऱ्या गुप्तहेराला उलट तोच खाली पाडतो. स्कॉर्पिओ काही लपवत नाही, होमरच पाहत नाही. आपल्या नानांचे तरी नोकरीत दुसरे काय झाले? त्यांनीही पाहिले नाही.

त्या भागाचे नाव ज्या बाँडपटावरून बेतले आहे, त्या १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'साठी नेपथ्यकार केन अ‍ॅडम यांनी पाइनवुड स्टुडिओत ज्वालामुखीचे अख्खे पोट उभारले होते. त्यात गणवेश घालून धावणारी शेकडो माणसे पाहताना मी फक्त शॉन कॉनरीकडे पाहत असे. ती माणसेही कुठे तरी मुलाखत देऊनच कामाला लागली असतील, हा विचार एका कार्टूनने माझ्या डोक्यात घातला. 'होमर विचारत का नाही?' असे तू तेव्हा म्हणाली होतीस आणि मी ते पुढे कित्येक दिवस बँकेत सर्वांना कौतुकाने सांगत होतो.

म्हणून म्हणतो, विचारत जा. पगार कोणत्या कामाचा मिळतो, हे माणसाला माहीत असले पाहिजे, साहेब कितीही गोड बोलत असला तरी, आणि विशेषतः गोड बोलत असला तर. हे व्याख्यान झाले, क्षमा कर. तू माझ्याहून हुशार आहेस, आणि भीती वाटते तीही त्यामुळेच, कारण हुशार माणसाला कामाची गोडी लागली की आजूबाजूचे दिसेनासे होते.

नानांबरोबर 'ऑक्टोपसी' हा बाँडपट पाहिला होता. उदयपूरच्या रिक्षांच्या पाठलागात टेनिसपटू विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवू लागले आणि बघ्यांच्या माना सामना पाहिल्यासारख्या डावीउजवीकडे वळू लागल्या, तेव्हा नाना इतके हसले की पुढच्या रांगेतला माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. रॉजर मूर यांचा बाँड थट्टेखोर होता म्हणून मी नाक मुरडत असे. नानांना मात्र तोच आवडायचा. आता मलाही तोच आवडतो.

जेवण वेळेवर घेत जा. सही केलेल्या कागदाची प्रत मागून घे आणि जपून ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. कंपनी काय बनवते, ते सांगू नकोस. काय बनवत नाही, एवढे सांगता येईल का?