बी विंगच्या 02 लाइनच्या पाण्याबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

दिनांक : 27 जून 2024

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई

विषय : सदनिका 602 मधील मोटर आणि लॉफ्टवरच्या टाक्या काढण्याबाबत
संदर्भ : याच विषयावरचे माझे आधीचे अर्ज (सचिवांच्या पोचसह)

महोदय,
स.न.वि.वि.

पाण्यासाठी मी पहिल्यांदाच लिहीत नाही, हे आपल्याला माहीत आहे. आधीचे अर्ज सचिवांनी हसतमुखाने घेतले, पोच दिली, "कमिटीत ठेवतो काकू" म्हणाले. ते कमिटीसमोर आले की नाहीत, हे मला आजतागायत कळलेले नाही. उपविधींप्रमाणे सभासदाची तक्रार समितीच्या सभेत ठेवून त्यावरचा निर्णय पंधरा दिवसांत कळवायचा असतो. तो न कळवणे हा माझा अपमान आहे असे मी म्हणत नाही, पण नियमाचा भंग नक्की आहे. म्हणून या वेळी थेट आपल्याला लिहिते आहे.

5 जूनपासून पालिकेची दहा टक्के कपात लागू आहे. त्याआधी 30 मेपासून पाच टक्के होतीच. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही धरणांत मिळून साठा सहा टक्क्यांच्या खाली आहे. भातसा आणि अप्पर वैतरणाच्या राखीव साठ्यातले पाणी सरकारने दिले म्हणून मुंबईच्या नळांना पाणी येते आहे. यात समितीचा काही दोष नाही आणि मी तो कधी दिलेला नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी पाऊण तास गच्चीवरच्या टाकीची चावी सोडायची, हा समितीचा निर्णयही मला मान्य होता. सर्वांना सारखे मिळावे यासाठीच तो घेतला होता. पण पालिकेने दहा टक्के कापले, आणि आमच्या 02 लाइनचे (02 ने संपणाऱ्या, एकावर एक असलेल्या सदनिकांच्या पाइपचे) निम्म्याहून जास्त पाणी आपल्याच इमारतीत कापले जाते आहे. ते परत मिळवायला पावसाची वाट बघायची गरज नाही.

सहाव्या मजल्यावरच्या, 602 च्या सभासदांनी होळीच्या सुमारास लॉफ्टवर पाचशे-पाचशे लिटरच्या दोन टाक्या बसवल्या आणि गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपला थेट मोटर जोडली. वॉचमन चावी सोडतो, की लगेच डक्टमधून घरघर सुरू होते. त्या वेळी खाली चौथ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरातला नळ उघडला तर पाणी येतच नाही. तोंडाला तळवा लावला तर नळ हवा आत ओढतो, हात चिकटून बसतो. आपण स्वतः येऊन हात लावून पाहा, अशी माझी विनंती आहे. मोटर बंद झाल्यावर करंगळीएवढी धार सुरू होते, आणि दोन बादल्या भरेपर्यंत वॉचमन चावी बंद करायला निघालेला असतो.

याहून मनाला लागणारी गोष्ट पुढची आहे. त्यांच्या टाकीचा बॉलकॉक नीट बसत नाही. टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी डक्टमध्ये पडते. माझ्या बाथरूमच्या खिडकीतून ते दिसते. भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा खाली पहिल्या मजल्यापर्यंत गेला आहे, आणि भर मे महिन्यातही तो वाळला नव्हता. मी कोरडी बादली घेऊन उभी असते आणि हातभर अंतरावरून पाणी गटारात जाते. मी त्याचे फोटो काढून सचिवांना व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला.

माझ्या घरची परिस्थिती बऱ्याच सभासदांना माहीत नसेल, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई मार्चपासून आमच्याकडे आहेत. त्या अंथरुणावर आहेत. त्यांचे सगळे अंथरुणातच करावे लागते. रोज चादरी, दुपटी, आणि स्पंज करायला पाणी लागते. त्या अंबड तालुक्यातल्या. राज्य सरकारने 31 ऑक्टोबर 2023 ला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जालना जिल्ह्यातले पाच तालुके आहेत आणि अंबड त्यांतलाच एक. गेल्या ऑगस्टमध्ये पावसाने जी दडी मारली, ती भरून निघालीच नाही. माझ्या दिरांची मोसंबीची बाग पंधरा वर्षांची. आधी विकतच्या टँकरने जगवायचा प्रयत्न केला, मग फळ तोडून टाकले, मग झाडेच गेली. घरची विहीर फेब्रुवारीतच आटली. आजारी माणसाचे तिथे करणे अशक्य झाले म्हणून त्यांना मुंबईला आणले. मुंबईत पाणी असते, अशी आम्हा सगळ्यांची समजूत.

सासूबाईंनी 72 चा दुष्काळ पाहिला आहे. दुष्काळात मदत म्हणून मिळणारी सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन त्यांनी पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली आहे. आता त्यांना दिवस-वार लक्षात राहत नाही, पण सकाळी मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला : "पडला का गं?" इथे सरी येऊन जातात, म्हणून मी हो म्हणते. मग विचारतात, "धरणात पडला का?" त्यावर मला रोज नाही म्हणावे लागते. हे कधी संपणार, असे त्या विचारतात, आणि खरे सांगायचे तर रात्री मीही तोच विचार करत पडलेली असते. सकाळी पेपर आला की आधी धरणांचे आकडे बघते. गावी फोन केला की दीरही तेच विचारतात.

दिरांनीच परवा सांगितले. गावात टँकर आला की तो सार्वजनिक विहिरीत ओततात आणि बायका पोहऱ्याने शेंदून घेतात. त्या विहिरीत मोटर टाकायची कोणाची हिंमत नाही. मागे एकाने रात्रीत टाकली, तर सकाळी अख्खा गाव त्याच्या दारात उभा होता. संध्याकाळपर्यंत मोटर निघाली. त्या गावाकडे उपविधी नाहीत, समिती नाही, सचिव नाही.

सचिवांचे म्हणणे असे, की पावसाळा लागला, आठ दिवसांत कपात उठेल, कशाला वाद वाढवता. त्यांना मी नम्रपणे विचारते, आठ दिवस हे कोणत्या हिशेबाने? मुंबईत पाऊस 9 जूनला दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. आज 27 तारीख, कपात तशीच आहे. मुलुंडला पाऊस पडून आपल्या नळाला पाणी वाढत नाही. सात धरणांपैकी फक्त विहार आणि तुळशी मुंबईत आहेत, आणि दोन्ही मिळून एकूण साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के. बाकीचे सगळे पाणी शहापूर, पालघर, नाशिककडचे. तिथे पाऊस लागून धरणे चढेपर्यंत दिवस जातात. गेल्या वर्षी 1 जुलैला लागलेली कपात ऑगस्टमध्ये उठली. नोव्हेंबर 2018 मध्ये लागलेली तर थेट पुढच्या जुलैपर्यंत चालली, तेव्हा हेच सचिव होते. आणि समजा उद्या धरणे भरली, तरी मोटर तिथेच राहणार आहे. पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

त्यांचा दुसरा मुद्दा असा, की मोटर लावायला बंदी आहे ती पालिकेच्या मुख्य लाइनवर, ही तर इमारतीच्या आतली लाइन. माझ्या मते हा मुद्दा त्यांच्यावरच उलटतो. आतली लाइन सोसायटीच्या मालकीची आहे, म्हणजे ती कोणी तोडून जोडली तर कारवाई करणे हे समितीचेच काम. सदनिकेत असा फेरफार करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते. ती दिली असेल तर त्याची प्रत मला द्यावी. दिली नसेल तर मोटर आजवर कशी राहिली, ते सांगावे. शिवाय हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, लॉफ्टच्या फळीवर, तीस वर्षांच्या जुन्या इमारतीत. स्ट्रक्चरल ऑडिट करताना हे इंजिनिअरला दाखवले होते का?

602 मध्ये दोन माणसे राहतात. शहरात माणशी 135 लिटर हे सरकारी माप. दोघांचे 270 होतात. त्यांच्या डोक्यावर हजार लिटर आणि आमच्या घरी चार माणसे, त्यांत एक आजारी, दोन बादल्यांवर. हा हिशेब मी त्यांच्यासमोर, जिन्यात, शांतपणे मांडला होता. "तुम्हीपण टाकी बसवा ना," असे उत्तर मिळाले. सगळ्यांनी मोटरी बसवल्या तर गच्चीवरची टाकी किती मिनिटे पुरेल, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

हे माझे एकटीचे गाऱ्हाणे नाही. 202, 302 आणि 502 यांचेही हेच म्हणणे आहे. 302 च्या वहिनी तर पहाटे उठून तळमजल्यावरच्या नळावरून कळशीने पाणी वर नेतात. सही करायला हे लोक कचरतात, कारण 602 चे सभासद समितीच्या दोन सदस्यांच्या रोजच्या बैठकीतले आहेत. ए विंगमधल्या बऱ्याच जणांनाही हे पटते; त्यांनी मला तसे बोलून दाखवले आहे.

टँकरच्या बिलाचाही प्रश्न आहे. मे आणि जूनचे टँकर सगळ्या सदनिकांत समान वाटून लावले. आदर्श उपविधींत पाणीपट्टीची वाटणी सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार पाहून करायची असते. ज्यांच्या घरी मोटरने पाणी जाते त्यांनी तेवढेच भरायचे, जेवढे आमच्यासारख्यांनी, हे कोणत्या न्यायाने? मी पैसे वेळेवर भरले आहेत, आजवर एकदाही थकवलेले नाहीत.

याच सभासदांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचे पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर 2019 पासून पडते आहे. तेव्हाही अर्ज दिला होता. रविवारी दुपारचे ड्रिलिंग, पाहुण्यांच्या गाड्या आमच्या पार्किंगमध्ये, लिफ्टचे दार उघडे ठेवणे, हे सगळे मी शेजारधर्म म्हणून सोडून दिले. मागच्या वेळी पाण्याचा विषय काढल्यावर सचिवांनी माझ्या पॅसेजमधल्या चपलांच्या स्टँडचा विषय मध्येच आणला. तो वेगळा विषय आहे, त्याचा पाण्याशी संबंध नाही.

आवारातल्या पर्जन्यजल संधारणाच्या खड्ड्याकडेही आपले लक्ष वेधते. गच्चीचे पाणी त्यात सोडायची सोय होती. गेल्या दुरुस्तीत त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले आणि आता तिथे तीन स्कूटर उभ्या असतात. याच आठवड्यातल्या सरींचे पाणी गेटवरून रस्त्यावर वाहून गेले. तो खड्डा चालू असता तर निदान बोअरला आधार मिळाला असता आणि फ्लशचे, गाड्या धुण्याचे पाणी तिथून निघाले असते.

माझी मागणी मोठी नाही. 602 ची मोटर आणि लॉफ्टवरच्या टाक्या काढाव्यात आणि पाइपची जोडणी पूर्ववत करावी. टाक्या काढेपर्यंत, जून महिन्यापासूनच्या टँकरचा 02 लाइनचा हिस्सा त्यांच्या नावे लावावा. आणखी कोणाकडे अशा मोटरी आहेत का, हे सगळ्या सदनिकांत जाऊन पाहावे. माझ्या घरापासून सुरुवात केली तरी चालेल. खड्ड्यावरचे पेव्हर पाऊस जोर धरण्याआधी उचलावेत.

रविवारी, 30 जूनला सकाळी सव्वासहाला मी प्लंबरला बोलावले आहे, त्याचे पैसे मी देणार आहे. आपण, सचिव आणि खजिनदार यांनी त्या वेळी हजर राहावे. चावी सुटण्याआधी प्लंबर गच्चीवर 02 चा पाइप तपासेल आणि मग माझ्या नळाशी काय होते, ते आपण सर्वांनी एकत्र बघू. गच्चीची किल्ली सचिवांकडे असते. ती शनिवारी रात्री वॉचमनकडे ठेवायला सांगावे. आपण कोणी आला नाहीत, तर या पत्राची प्रत आणि डक्टचे फोटो सोमवारी टी विभागाच्या, म्हणजे मुलुंडच्या, सहकारी संस्था उपनिबंधकांच्या कार्यालयात देईन.

कळावे,

आपली विश्वासू,
सभासद, सदनिका 402, बी विंग

प्रत : सचिव, खजिनदार, तळमजल्यावरचा सूचना फलक