पेटीवरचा 214

प्रिय ताई,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतंच ताई. वयाने मी तुमच्या वडिलांच्या बरोबरीचा, तुम्ही मला काका म्हणता, तरी मनात त्या दिवसापासून ताईच बसलंय. हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. उघड लिहितोय त्याला एक कारण आहे, ते शेवटी येईल.

आजोबांचा माग काढत तुमच्या मिशनच्या जुन्या अनाथाश्रमात येण्याआधी मी तीन दारं वाजवून झालो होतो. एका कचेरीत आजोबांचा जन्मदाखला मागितला. दुष्काळात आईबाप गेलेल्या, रेल्वेच्या फलाटावर सापडलेल्या पोराचा जन्मदाखला! दुसरीकडे विचारलं, "जातीच्या दाखल्यासाठी का?" नाही म्हटल्यावर माझी फाईल चहाच्या कपाखाली गेली. तिसरे गृहस्थ चांगले शिकलेले. ते म्हणाले, "अहो, मिशनमध्ये तेव्हा अशी पोरं हजारांनी होती, त्यातलं एक कुठं शोधत बसता?" तिघांपैकी एकानेही बसा म्हटलं नाही. गुडघे दुखतात हो या वयात.

तुम्ही आधी खुर्ची दिलीत. कागद एकही मागितला नाहीत. विचारलंत एवढंच, "काका, त्यांच्या हातची एखादी वस्तू आहे का घरात?"

होती. सुताराची पेटी. रंधा, पटाश्या, गुण्या, सगळं अजून जागच्या जागी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला 214 हा आकडा कोरलेला. आजी म्हणायची, कुणा गिऱ्हाइकाची उधारी असेल. आम्हीही तेच धरून चाललो होतो. मी हे सांगितलं आणि तुम्ही काही न बोलता उठून आत गेलात. बाहेर आलात त्या दोन्ही हातांवर ते जुनं रजिस्टर घेऊन, बाळंतिणीचं मूल आणावं तसं.

214. नाव चुकीचं लिहिलेलं, म्हणूनच नावावरून कुणाला सापडलं नसतं. वय अदमासे सात. आईबाप मयत. दाखल 1900.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. छपन्नाचा, म्हणजे संवत 1956 चा (1899-1900), दुष्काळ आम्ही म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. त्या वेळी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या 'मुक्ती' आश्रमामध्ये शेकडो बायका-मुलींना थारा दिला, हेही शाळेत वाचलेलं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील उपासमारीत गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण त्या मुलींच्या भावांचं काय झालं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तुमच्याकडून कळलं की अल्बर्ट नॉर्टन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी त्याच रेल्वेमार्गावर दौंडला, तेव्हाच्या धोंडला, खास मुलग्यांसाठी घर काढलं होतं. तेव्हाच्या अहमदनगर आणि सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशननेही अनाथ पोरं घेतली, त्यांच्या हाताला सुतारकाम, विणकाम असं काहीतरी दिलं. तुमचं घर त्यातलंच एक, धाकटं. आणि 1900 साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज दुष्काळी भागासाठी मका भरून मुंबईला आलं होतं, हे सांगितलंत तेव्हा मी हसलो, आठवतं? आजोबांच्या ताटात मक्याची भाकरी पडली की ते उठून अंगणात जायचे. आजी चिडायची. तो मका त्याच जहाजातला होता की नाही, देव जाणे. पण लहानपणी भाकरीवरून दोघांची जी भांडणं पाहिली, त्यांचं मूळ सापडल्यासारखं वाटलं खरं.

आमच्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता: "मग बाटवलं का त्यांना?" नाही. आजोबा ख्रिस्ती झाले नाहीत. जेवू घालणाऱ्यांनी प्रार्थनाही शिकवली हे खरं आहे, आणि त्यामागे काहीच हेतू नव्हता असं मीही म्हणणार नाही. पण सात वर्षांच्या त्या पोराला प्रार्थना न शिकवणाऱ्यांपैकी कुणी भाकरीही दिली नव्हती.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे तुमचं बोट थांबलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि इंग्रजीतले ते शब्द हळू आवाजात मराठीत सांगितलेत. "पळून गेला." 1907.

खरं सांगतो, लाज वाटली. ज्या घराने वाचवलं तिथून आमचा माणूस पळाला, आणि त्याच घरात मी त्याचं नाव मागायला आलोय. दुसऱ्या कुणी रजिस्टर मिटलं असतं. तुम्ही पान तसंच उघडं ठेवलंत, कागदाची एक पट्टी फाडलीत, शिसपेन्सिलीला टोक काढलंत आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "आमच्याकडचं पान इथं संपतं काका. पुढचं तुम्ही लिहा."

पेन्सिल हातात धरून मी बराच वेळ नुसता बसलो. तुम्ही खिडकीपाशी जाऊन उगीचच काहीतरी आवरत होतात, मला दिसत होतं. मग लिहिलं: रेल्वेत सुतार झाले. लग्न झालं. चार मुलं, अकरा नातवंडं. 1968 साली घरीच, झोपेत गेले. हत्यारं कधी कुणाला उसनी दिली नाहीत. हे शेवटचं लिहू की नको असं झालं होतं, तुम्ही म्हणालात, "लिहा, लिहा, तेच तर हवंय."

ती पट्टी तुम्ही त्या पानात ठेवलीत. मूळ रजिस्टरवर एक रेघही ओढू दिली नाहीत, तेही आवडलं. त्या पळालेल्या पोरांची पानं एवढी वर्षं कुणीतरी वाळवीपासून राखली, पावसाळ्यात उन्हाची तिरीप बघून वाळवली, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही. माणुसकी म्हटलं की आम्हाला मोठे देणगीदार आठवतात. तुमच्या खोलीत तर धड पंखाही नव्हता.

निघताना तुम्ही दारात हळूच म्हणालात की 213 आणि 215 यांच्यापुढेही तेच शब्द आहेत, तारीखही तीच. म्हणजे तिघं मिळून पळाले होते. आजोबा त्या दोघांबद्दल कधी अक्षर बोलले नाहीत. रात्री झोपण्याआधी मात्र आम्हा नातवंडांची अंथरुणं मोजायचे, आणि मोजून झालं की पुन्हा मोजायचे.

म्हणून हे उघड पत्र. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या जुन्या पेटीवर, पटाशीच्या मुठीवर 213 किंवा 215 कोरलेलं असेल, तर कळवा. ताईंकडे दोन पट्ट्या कोऱ्या आहेत.

तुमचा,
214 चा नातू

ता. क. पेटी घेऊन पुढच्या महिन्यात येतो. खुर्ची तीच द्या, हातांची.