शितावरून भात, पण शीत कुठलं उचललं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात एका वाचकानं लिहिलं होतं की, यार्डात मॉइश्चर मीटर, म्हणजे दाण्यातला ओलावा मोजायचं मशीन, कशाला, जुन्या मुनिमाची नजर पुरते. मी तसलाच एक जुना मुनीम. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर ३१ वर्षं काढली, आता घरी बसलोय. तेव्हा त्या नजरेबद्दल मीच चार शब्द लिहिलेले बरे.

सोयाबीन हाताला कळतं, यात खोटं काही नाही. कोपरापर्यंत हात पोत्यात घातला की ओला माल गार लागतो. वाळलेला दाणा दाढेखाली कट् करून फुटतो, ओला नुसता चेपतो. पण हे सगळं हात घातल्यावर. माझा निकाल त्याच्या आधीच लागलेला असायचा. ट्रॉली भरून आलेला, पांढऱ्या शर्टातला मांजरा नदीच्या पट्ट्यातला ऊसवाला दिसला की माल चांगला. टेम्पोत आठ-दहा पोती टाकून तांड्यावरचा माणूस उतरला की ओला असणार, माती असणार. हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. माझ्या आधीचे मुनीम म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

२०१९ ची दिवाळी आपल्या भागात कुणी विसरलं नसेल. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस थांबेना, गंजी रानातच भिजल्या, शेंगांना कोंब फुटले. त्या हंगामात अहमदपूरकडच्या एका तांड्यावरचा माणूस नऊ पोती घेऊन आला. वहीतून मान वर न काढताच मी म्हटलं, ‘‘ओलं आहे, क्विंटलला दीडशे कमी लागतील.’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘मुनीमजी, हात तर घाला की पोत्यात.’’

हमाल हसले. मी चिडून मशीन मागवलं. ओलावा १०.८ टक्के आला, म्हणजे माल सुकाच. सेल उतरला असेल म्हणून परत लावलं, तर १०.६. पाऊस लागायच्या आधीच त्यानं रास करून पोती घरात रचली होती. बायको मागे लागली होती म्हणे.

त्याच सकाळी एक ट्रॉली मी हात न घालता सुक्या मालात लिहिली होती. तिला मशीन लावलं होतं का? नाही. तिचा आकडा मला आजही माहीत नाही.

माझी मुलगी नांदेडला मानसशास्त्र शिकली. तिला हे सांगितलं तर तिनं वर्तमानपत्राच्या कडेला २, ४, ६ असे आकडे लिहिले. म्हणाली, ‘‘बाबा, हे एका नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन-तीन सांगत जा, बसतात का ते मी सांगते. खात्री झाली की नियम सांगा.’’ मी ८, १०, १२ म्हटलं. बसतात. २०, २२, २४. बसतात. १००, १०२, १०४. बसतात. मग छातीठोकपणे सांगितलं, दोन-दोननं वाढणारे. चूक! नियम एवढाच होता की पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा हवा. १, ७, ५० सुद्धा चाललं असतं. ‘‘तुमचं म्हणणं खोटं ठरेल असं तुम्ही एकदाही विचारलं नाही, बाबा.’’ पीटर वेसन नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं हे कोडं घालून केलेला प्रयोग १९६० मध्ये छापला. त्यात २९ जणांपैकी सहाच जणांचं पहिलं उत्तर बरोबर आलं होतं. म्हणजे मला संगत बरीच आहे.

यार्डात मी ३१ वर्षं ८, १०, १२ च विचारत होतो. ज्याचा संशय, त्यालाच मशीन. दहात दोन-तीन ओले निघायचेच, की मी मोकळा: ‘‘बघा, म्हटलं नव्हतं?’’ विश्वासातल्याला मशीनच नाही, मग तो ओला निघणार कधी? आणि याला मी अनुभव म्हणून मिरवत होतो.

बरं, मशीन आणलं म्हणजे सुटलो असंही नाही. त्यात टाकायची मूठ माणूसच भरतो. संशय असला की हात पोत्याच्या तळाशी जातो, ओळखीचा असला की वरच्या उन्हं खाल्लेल्या थरातून मूठ येते. पोतं तेच, आकडे दोन. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ती त्या हंगामापुरती १५ केली होती. अशा ठिकाणी अर्ध्या टक्क्यावरून माल परत जातो. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत कुठलं उचललं ते कोण बघतो?

म्हणून म्हणतो, मशीन सगळ्यांना लावा, ट्रॉलीवाल्यालाही. वरून, मधून, तळातून मूठ घ्या आणि आकडा पावतीवर चढेपर्यंत गाव आणि नाव विचारू नका. आडत्यांना हे जड जाईल, मला ठाऊक आहे. मलाही गेलं असतं.

त्या माणसाला त्या दिवशी पूर्ण भाव लावला. चुकलो असं काही म्हणालो नाही. मुनिमानं तसं म्हणायचं नसतं, असं तेव्हा वाटायचं. पुढच्या वर्षी त्याचा टेम्पो आमच्या दारावरून गेला आणि शेजारच्या दुकानापुढं थांबला.

आपला,
एक निवृत्त मुनीम, लातूर