टक्के कशाचे, ते आधी ठरवा

महोदय,

असाइनमेंटमध्ये विद्यार्थी ‘एआय’ वापरतात म्हणून महाविद्यालये कडक नियम करत असल्याच्या बातम्या वाचल्या. मी सोलापूर जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडेही या सत्रात नोटीस लागली : ‘एआयचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त आढळल्यास शून्य गुण.’ खाली सही, शिक्का. प्रमाण मोजायला इंटरनेटवर मिळालेले एक फुकटचे सॉफ्टवेअर.

त्यात पहिली सापडली तृतीय वर्षाची एक मुलगी. शेतीच्या पतपुरवठ्यावर तिने इंग्रजीत चार पाने लिहिली होती, सॉफ्टवेअरने सांगितले ७४ टक्के. मी तिला स्टाफरूममध्ये बसवून विचारले. सोसायटीचे नवं-जुनं, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलणे, कसे करतात, मार्चअखेर भरण्यापुरते पैसे आठ दिवसांसाठी कोणाकडून उचलतात, त्याला व्याज काय पडते, सगळे तिने घडाघडा सांगितले. घरात दरवर्षी बघते, न सांगायला काय झाले? अडचण एवढीच की तिच्या इंग्रजीत दर चार ओळींनी ‘मोरओव्हर’ आणि ‘प्लेज अ व्हायटल रोल’ येते. ही वाक्ये तिची नाहीत हे खरे, पण ती यंत्राचीही नाहीत. ती बारावीच्या गाईडमधली आहेत.

त्याच वर्गातल्या एकाचे प्रमाण निघाले ४ टक्के. यंत्राचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा ‘माणसाळवून’ देणारी संकेतस्थळेही आहेत, हे मला त्याच्यामुळेच कळले. त्याच्याच उत्तरात तीनदा आलेला रेपो दर म्हणजे काय, असे विचारले तर म्हणाला, ‘मॅडम, पुढचं विचारा.’ त्याला पूर्ण गुण आहेत.

आपल्याकडे दोन वेगवेगळ्या टक्क्यांचा घोळ झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १०, ४० आणि ६० टक्के असे टप्पे आहेत. ते साम्याचे आहेत. कोणते वाक्य कुठून उचलले, तो मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवता येतो. ‘एआय’च्या टक्क्यांना असा मूळ मजकूरच नसतो, तो केवळ अंदाज असतो. शिवाय त्या विनियमांनी असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका व्याख्येतूनच वगळल्या आहेत. नोटिशीत आयोगाचा हवाला देणाऱ्यांनी हे वाचलेले दिसत नाही.

हा अंदाजही किती कच्चा? चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच असा मजकूर ओळखणारे साधन आणले आणि जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतले. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राचा २६ टक्के मजकूर पकडत होते आणि माणसाचा ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवत होते. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या ‘टोफेल’ या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. शब्द मोजके आणि वाक्ये ठरीव असली की ती फसतात. आमच्या तालुक्यातल्या मुलांचे इंग्रजी याहून वेगळे कसे असेल? अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ‘टर्निटिन’ या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय ओळखायची सोय ऑगस्ट २०२३ मध्येच बंद केली.

नियम नकोत असे मी म्हणत नाही. सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन मार्ग केले आहेत : काही कामे शिक्षकांच्या देखरेखीत, समोर बसून, बाकीच्या कामांत एआयला मोकळीक. आमच्याकडे यावर तोडगा निघाला तो ‘हस्तलिखित आणा’. मुले मोबाइल समोर ठेवून फुलस्केपवर उतरवून काढतात. पूर्वी सीनियरचे जर्नल उतरवायचे, तसेच.

खरा उपाय तोंडी परीक्षेचा, आणि तिथेच घोडे पेंड खाते. १२० मुलांना पाच-पाच मिनिटे धरली तरी दहा तास होतात, तेही एका विषयाचे. आम्हा तासिकावाल्यांना पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे, तोंडी परीक्षेचे कोण देणार? जागा भरायच्या नाहीत आणि सॉफ्टवेअरवर विसंबायचे, हे स्वस्तात पडते.

आणि शिक्षकांचे काय? मागच्या सत्रात एका अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत शेवटच्या प्रश्नाखाली इंग्रजीत ओळ छापून आली : ‘उत्तरसूचीही तयार करून देऊ का?’ मुले हसली, पर्यवेक्षकही हसले. नोटीस मात्र फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे.

विद्यापीठाने निदान एवढे परिपत्रक काढावे : केवळ सॉफ्टवेअरच्या आकड्यावर कोणाचे गुण कापू नयेत, संशय असेल तर अहवाल विद्यार्थ्याच्या हातात द्यावा आणि दोन शिक्षकांनी समोर बसवून विचारावे, कोणत्या कामात एआय चालेल आणि कोणत्यात नाही, हे सत्राच्या सुरुवातीलाच अभ्यासक्रमासोबत सांगावे, आणि हेच नियम प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही लागू करावेत.

त्या मुलीने अर्ज दिला आहे. आवक क्रमांक मिळाला, उत्तर नाही. गुण भरायची शेवटची तारीख येत्या शनिवारी आहे आणि तिच्या नावापुढे अजून शून्यच आहे.

– एक तासिका प्राध्यापिका, जि. सोलापूर