गावे बंदीच्या आधीच मोडून पडली होती

महोदय,

लोहखनिजाच्या खाणी पूर्ण क्षमतेने सुरू झाल्याशिवाय गोव्याला तरणोपाय नाही, हा कालच्या अंकातील लेख वाचून डिचोली तालुक्यातील रहिवासी म्हणून मनस्वी वाईट वाटले. २०१२ची खाणबंदी आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण यांमुळे गावे मोडून पडली, असे लेखक म्हणतात. लेखकांविषयी आदर राखून सांगतो, हे खरे नाही.

आमचे शेत सरद (पावसाळी) आणि वायंगण (उन्हाळी) अशी भाताची दोन्ही पिके देत असे. डोंगरावर खाणीचे डंप, म्हणजे टाकाऊ मातीचे ढीग, उभे राहिले आणि दर पावसाळ्यात तांबडी माती ओहोळातून मळ्यात उतरू लागली. वडिलांनी ती उपसली, बांध पुन्हा घातले. पण कंपनीची नुकसानभरपाई पिकाच्या उत्पन्नाहून अधिक होऊ लागली, तशी घरोघरची शेते पडीक राहिली. खाणीचा खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला, रात्रंदिवस पंप लावून पाणी बाहेर फेकले जाऊ लागले, विहीर आटली आणि प्यायचे पाणीसुद्धा त्याच कंपनीच्या टँकरने येऊ लागले. याच तालुक्यातील शिरगाव या खाणीच्या गावात याहून वेगळे काय घडले? पुढे चीनची मागणी वाढली, धाकट्या भावाने कर्ज काढून ट्रक घेतला आणि वाड्यावरच्या बहुतेक तरुणांनी तेच केले. माल जवळजवळ सगळा निर्यातीचा असल्यामुळे आमची चूल पेटणार की नाही, हे परदेशातील पोलाद कारखाने ठरवू लागले होते. २०१२च्या सप्टेंबरमध्ये ट्रक अंगणात उभे राहिले तेव्हा बँकेचे हप्ते चालूच होते, परतायला शेत नव्हते आणि वायंगणाचे पाणी कसे राखायचे हे जाणणारी पिढीही मागे पडली होती.

२०१४च्या निकालात न्यायालयाने उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी पुढच्या पिढ्यांसाठी राखायला सांगितला. लेखात त्या निधीचा उल्लेखही नसावा, याची खंत वाटते.

आता पुन्हा वाहतूक सुरू झाली आहे आणि शाळा सुटण्याच्या वेळीच ट्रकांची रांग वाड्यावरून जाते. तक्रार करूनही वेळ बदललेली नाही. ती वेळ तातडीने बदलावी आणि खाणबाधित भागांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या पैशांतून सर्वांत आधी मळ्यांतील गाळ काढून द्यावा, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने सरकारपुढे मांडावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, डिचोली